थेंबे

त्याचं खरं आडनाव निराळं आहे. दर सहा महिन्यांनी नेमणुकीच्या नव्या आदेशावर ते टाइप होतं, एवढाच काय तो त्याचा उपयोग. एरवी आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे थेंबे म्हणतात. शिपाई, हिशेब विभागातल्या बाई, द्रव नायट्रोजन घेऊन येणारा टेम्पोवाला, सगळेच. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी तर त्याला विचारलं, "थेंबे म्हणजे तुम्ही मूळचे कोकणातले का?" तो म्हणाला, "नाही सर, बार्शीचा." नाव चुकलं तरी त्याची तक्रार नव्हती, गावाचा तपशील तेवढा चुकायला नको होता.

हे नाव पडलं त्याच्या कामावरून. प्रथिनाच्या रेणूत कुठला अणू कुठे बसलाय हे शोधणं हा आमचा धंदा. त्यासाठी क्ष-किरण लागतात. पण क्ष-किरण एकट्यादुकट्या रेणूला भीक घालत नाहीत. त्यांच्यासमोर कोट्यवधी रेणू शाळेच्या कवायतीसारखे ओळीत उभे करावे लागतात, म्हणजेच प्रथिनाचा स्फटिक करावा लागतो. तो होतो थेंबात. शुद्ध प्रथिनाचा एक मायक्रोलिटर आणि क्षार वगैरे घातलेल्या द्रावणाचा एक मायक्रोलिटर असा थेंब काचेच्या गोल चकतीवर ठेवायचा. मग चकती उलटी करून, कडेला ग्रीस लावून, त्याच द्रावणाच्या वाटीवर झाकणासारखी बसवायची. थेंब वटवाघळासारखा लटकत राहतो. त्यातलं पाणी वाफेच्या वाटेनं खालच्या वाटीत जातं आणि थेंब घट्ट होत जातो. थेंब केवढा? डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबात आमचे पंचवीस मावतील. अशा २४ वाट्यांचा एक ट्रे असतो. तो २० अंशांच्या कपाटात ठेवून द्यायचा आणि वाट बघायची. दोन दिवस, दोन आठवडे, कधी सहा महिनेसुद्धा.

मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, "या कामाला लागणारा कुठला गुण तुझ्यात आहे?" आधीच्या उमेदवारांनी चिकाटी, संघभावना अशी उत्तरं पाठ करून आणली होती. हा जरा थांबला आणि म्हणाला, "मला वाट बघता येते, सर."

"कशावरून?"

"आमच्या विहिरीला पाणी लागायला चार वर्षं गेली. शाळेतून आल्यावर रोज मी वाकून बघायचो."

सरांनी त्याला घेतला. महिना २५,००० रुपये आणि घरभाडं. मिळायचं मात्र तिमाहीचं एकदम, कारण तेवढा वेळ फाईललाही वाट बघता येत होती.

नव्या माणसाला आमच्याकडे आधी लायसोझाइम देतात. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातलं हे प्रथिन म्हणजे आमच्या क्षेत्रातली श्री गणेशाची पाटी. फ्लेमिंगला हे द्रव्य आधी स्वतःच्या सर्दीत, म्हणजे सरळ सांगायचं तर शेंबडात सापडलं. त्याचा निबंध १९२२ चा. पुढे १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्सच्या गटानं याची रचना सोडवली. क्ष-किरणांनी रचना सोडवलेलं हे पहिलं विकर. पण आम्ही ते शिकवायला वापरतो त्याचं कारण इतिहास नव्हे. ते प्रथिन भलतं गुणी आहे. आम्लधर्मी ॲसिटेट घाला, साधं मीठ घाला आणि घरी जाऊन झोपा. सकाळी थेंबात हिरे.

थेंब्यानं दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि त्याच्या तोंडून आवाज फुटेना. चोवीसपैकी एकोणीस वाट्यांत पैलू पाडल्यासारखे स्फटिक. त्यानं तिथल्या तिथे बार्शीला फोन लावला.

"आई, स्फटिक झाले!"

"काय झाले?"

"अगं, म्हणजे... रवा धरला."

माउलीला लगेच कळलं. लोणी कढवून तूप केलं की पातेलं हलवायचं नाही, पंख्याखाली न्यायचं नाही, घाईनं फ्रीजमध्ये घालायचं नाही. सावकाश निवू दिलं तर दाणेदार रवा धरतो, धसमुसळेपणा केला तर मेणासारखा गोळा होतो. आमच्या शास्त्रात हेच सांगायला धडाभर आलेख काढतात. तिनं फक्त एवढंच विचारलं, "कशाचं आहे हे?" हा भोळेपणानं म्हणाला, "अंड्याचं." पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "आज चतुर्थी आहे, ठाऊक आहे ना?"

त्या दिवसापासून दर रविवारी माउलीचा एकच प्रश्न असायचा, "रवा धरला का?" आणि लायसोझाइमचं सुख संपलं होतं, त्यामुळे याचं उत्तरही एकच असायचं.

कारण आमचं खरं प्रथिन क्षयाच्या जंतूचं होतं आणि त्याचा स्वभाव मूळ मालकाला शोभेल असा होता. ते आम्ही ई. कोलाय नावाच्या गरीब जिवाणूंकडून करून घेतो. सोमवारी जिवाणू वाढवायचे आणि रात्री १८ अंशांवर हलवत ठेवायचे. मंगळवारी त्यांना बर्फात बसवून ध्वनिलहरींनी फोडायचं. ते यंत्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं दहा सेकंद किंचाळतं आणि वीस सेकंद दम खातं. मग तो रस्सा निकेलच्या निळसर-हिरव्या स्तंभातून सोडायचा. आपल्या प्रथिनाच्या शेपटीला सहा हिस्टिडिनांचा बिल्ला आधीच लावलेला असतो, त्यामुळे ते निकेलला चिकटून राहतं आणि बाकीची जत्रा वाहून जाते. जेल निळ्या रंगात बुडवला की एकच ठसठशीत पट्टा दिसायला हवा. थेंब्याची नखं कायम निळी असत. घरी लग्नाची बोलणी सुरू होती तेव्हा त्यानं मुलीच्या मामांना आपण होऊन खुलासा केला, "हा रक्ताचा दोष नाही, कुमासी ब्लू आहे." मामांना ते आडनाव वाटलं.

या सगळ्या प्रकरणात एक मर्कॅप्टोइथेनॉल नावाचं द्रव्य लागतं. सडक्या अंड्याचा वास. घरच्या गॅसला गळती कळावी म्हणून याच्याच भावकीतलं मर्कॅप्टन मिसळतात. एका संध्याकाळी थोडंसं थेंब्याच्या बाहीवर सांडलं. तो खोलीवर गेला, शर्ट खुंटीला अडकवला आणि आंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा घरमालकीण काकूंनी रेग्युलेटर बंद करून सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे आजोबा खुर्चीसकट खाली अंगणात आणून बसवले होते आणि गॅसवाला माणूस साबणाचं पाणी लावून नळी तपासत होता. थेंबे टॉवेलवरच पुढे झाला आणि म्हणाला, "काकू, गळती माझी आहे." त्यानंतर तो शर्ट त्यानं प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. कपाटावर चिठ्ठी होती: शर्ट, सक्रिय.

चिठ्ठ्या लिहिणं ही त्याची खरी विद्या. प्रयोगशाळेत रुजू होणारे दोन जातींचे असतात. एक लिहितात 'बफर, नवीन'. हा नवीन कधी होता ते पुढच्या पिढीनं ठरवायचं. दुसरे थेंब्यासारखे. त्यांच्या बाटलीवर नाव, तारीख, सामू, कुणी केलं, कुणासमोर केलं आणि खाली 'हलवू नये'. तो डब्यातल्या भाजीवरसुद्धा तारीख लिहायचा. आमच्याकडे पोस्टडॉक म्हणून असलेल्या बंगाली दादांनी एकदा ती भाजी न विचारता खाल्ली. दुसऱ्या दिवशी डब्यावर नवी ओळ होती: 'उरलेलं: शून्य. कारण: दादा.' तक्रार नव्हती. नोंद होती.

आणि त्याची ती वही. लांबड्या आकाराची, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानातल्या खातेवहीसारखी. रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाशी बसायचं, एकेक थेंब बघायचा आणि काय दिसलं ते लिहायचं. थेंबात काय काय होतं याला आमच्यात इंग्रजी शब्द आहेत. त्यानं स्वतःचे केले. थेंब नितळ राहिला तर 'पाणी'. प्रथिन घाबरून साका होऊन बसलं तर 'दही'. दोन द्रव वेगळे होऊन गोळे तरंगले तर 'तेल सुटलं'. बारीक काटे आले तर 'सुया'. शेवटचा रकाना 'रवा'. तो रिकामा.

सरांनी एकदा वही उघडली. पानभर दही, दही, दही, तेल सुटलं, दही. त्यांनी चष्मा वर केला.

"ही प्रयोगाची वही आहे की मिसळीचं हॉटेल?"

"सर, पटकन कळतं."

"परदेशातल्या सहकाऱ्यांना कसं कळणार?"

थेंब्यानं पहिल्या पानावर इंग्रजी प्रतिशब्दांचा कोश लावला. पण आतले शब्द बदलले नाहीत. तीन महिन्यांनी मी सरांना फोनवर कुणाला तरी इंग्रजीत सांगताना ऐकलं की अमोनियम सल्फेटला सगळं दही होतंय. 'दही' तेवढं मराठीत.

त्याला एक खोड होती, ती सांगायलाच हवी. त्याला प्रत्येक थेंबात 'काहीतरी' दिसे. "ताई, जरा येता का? काहीतरी आहे." मी सहाव्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी, माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण उघडं टाकून जायचे. पाहते तर काचेचा कण. "ताई, काहीतरी चकाकतंय." कापसाचा तंतू. "ताई, आज नक्की." ते त्याच्या स्वतःच्या स्वेटरचं सूत होतं, निळं. मी एकदा वैतागून म्हटलं, "तुझ्या आशेला काही सामू-बिमू आहे का रे?" तो म्हणाला, "साताच्या आसपास असेल, ताई." आणि हे तो चेष्टेनं म्हणाला की मनापासून, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

महिने असे चालले आणि दही वाढत चाललं, तेव्हा सरांनी त्याला धीर देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. शुक्रवारच्या बैठकीत ते म्हणाले, "मॅक्स पेरुट्झ १९३७ मध्ये हिमोग्लोबिनच्या मागे लागला. रचना दिसायला १९५९ उजाडलं. बावीस वर्षं!" थेंबे नम्रपणे ऐकत होता. "आणि डोरोथी हॉजकिन! इन्सुलिनचं पहिलं क्ष-किरण चित्र १९३४ मध्ये, रचना १९६९ मध्ये. पस्तीस वर्षं! शेवटी तिच्या गटात आपले विजयन होते, ज्यांनी पुढे बंगळुरूला हे शास्त्र रुजवलं. पस्तीस वर्षं, विचार कर!"

थेंब्यानं विचार केला. मग हात वर केला. "सर, माझं कंत्राट सहा महिन्यांचं आहे."

बैठक तिथेच संपली.

नवव्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी तो माझ्या टेबलाशी आला आणि 'काहीतरी' म्हणाला नाही. नुसताच उभा राहिला. मी उठले. ट्रे क्रमांक ११२, चौथी ओळ, दुसरी वाटी. थेंबाच्या मधोमध एक स्फटिक, कडा अशा की कागद कापावा. ध्रुवित प्रकाशात फिरवला तर निळा, मग सोनेरी, मग जांभळा. मी सरांना बोलावलं. सरांनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि "हं" म्हणाले. सरांचं 'हं' आम्ही तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. दादा खाली जाऊन पेढे घेऊन आले. थेंब्यानं बार्शीला फोन केला नाही. "आधी क्ष-किरण," म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

इथे थोडं शास्त्र. प्रथिनाचा स्फटिक दिसायला खडीसाखर असला तरी आतून निम्मं पाणी असतो. सुईनं टोचला तर पनीरसारखा भुगा होतो. मिठाचा असेल तर कट् वाजतो. पण पेढे वाटल्यावर कोण टोचून बघणार? आम्ही तो नायलॉनच्या इवल्याशा फासात पकडून तळघरातल्या क्ष-किरण यंत्रावर लावला. प्रथिन असेल तर पडद्यावर शेकडो ठिपके उमटतात, बारीक आणि दाट, पैठणीच्या बुट्ट्यांसारखे. आमच्या पडद्यावर चार उमटले. चार ठिपके, एकमेकांपासून लांब, ठळक, निर्लज्ज.

"मीठ," सर म्हणाले.

मॅग्नेशियम फॉस्फेट. मॅग्नेशियम वाटीतल्या द्रावणातलं. आणि प्रथिन ज्यात विरघळवलं होतं त्यातलं फॉस्फेट... तिथे आपण फॉस्फेट वापरू या, हा सल्ला कुणाचा होता हे सरांनी विचारलं नाही आणि थेंब्यानं सांगितलं नाही. सल्ला माझा होता. वहीत त्यानं त्या दिवशी लिहिलं: 'ट्रे ११२: मीठ. पेढे: अर्धा किलो.' रविवारी आईला मात्र त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मीठ तर मीठ. मेलं अळणी तरी नाही राहिलं."

मग मांजराच्या मिशीचं प्रकरण झालं. आमच्या शास्त्रात एक जुनी युक्ती आहे. एका थेंबात कुठे बारीक सुया आल्या असतील तर त्यांना एक ताठ केस हळूच लावायचा आणि तोच केस नव्या थेंबातून ओढायचा. केसाला चिकटलेले कण विरजणाचं काम करतात आणि नव्या थेंबात त्या रेषेवर स्फटिक धरतात. यासाठी घोड्याचा केस चालतो, पण जाणकारांची पसंती मांजराच्या मिशीला. ती ताठ असते, टोकाला निमुळती होते आणि तिच्यावरच्या खवल्यांत कण बरोबर अडकतात. हे मी सहज बोलून गेले आणि विसरले.

थेंबे विसरला नाही. काकूंच्या सोसायटीत एक बोका होता. गळलेली मिशी मिळावी म्हणून हा रोज संध्याकाळी त्याच्या मागे झाकणाची कुपी घेऊन हिंडू लागला. वॉचमननं हटकलं. यानं सांगितलं, "संशोधन." सोसायटीच्या सूचनाफलकावर दोन दिवसांनी कागद लागला: भटक्या प्राण्यांवर प्रयोग करण्यास मनाई आहे. थेंबे सचिवांकडे गेला आणि विरजण, मिशी, क्षय असं सगळं पाऊण तास समजावून आला. सचिवांना पटलं की काय कोण जाणे, पण त्यांच्या सौभाग्यवतींनी दुसऱ्या दिवशी सोफ्याखालून दोन मिशा झाडून, चांदीच्या डबीत घालून दिल्या. डबी परत करायची होती. वहीत नोंद आहे: 'मिशी क्र. १, बोका, पांढरी, ४ सेंमी. देणगी.'

आणि काय सांगू, मिशीला यश आलं. ट्रे १३१. या खेपेला फॉस्फेट नव्हतं. सुयांच्या जागी छोटे जाडसर दांडके आले. थेंब्यानं एका दांडक्याला स्वतःच सुई टोचली. कट् वाजलं नाही, भुगा झाला. तो भुगा बघून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पेढे कुणी आणले नाहीत.

घरच्या यंत्राचे किरण अशा लहान स्फटिकाला पुरत नाहीत. म्हणून आम्ही इंदूरला निघालो. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे. सुमारे १७२ मीटर परिघाचं कडं, त्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन गरगर फिरतात आणि वळणावळणाला झगझगीत क्ष-किरण फेकतात. स्फटिक द्रव नायट्रोजननं गार केलेल्या पिंपात, उणे १९६ च्या आसपास. पिंप भाड्याच्या गाडीत, मधल्या सीटवर, पट्टा लावून. मी मागे. मनमाड, मालेगाव, धुळे करत सेंधव्याच्या घाटात पोचलो तोवर ड्रायव्हरला राहवेना.

"साहेब, पिंपात काय आहे?"

"स्फटिक," थेंबे म्हणाला.

"किती?"

"अकरा."

"एवढ्या पिंपात अकराच? केवढे केवढे?"

"मिलिमीटरचा दहावा हिस्सा."

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानंतर त्यानं प्रत्येक गतिरोधक इतका जपून ओलांडला की जणू गाडीत बाळंतीण होती. ढाब्यावर सगळे उतरले, थेंबे उतरला नाही. त्याची शेवभाजी मी गाडीत नेऊन दिली.

इंदूरला रात्री दोनला आमची पाळी लागली. पहिले आठ स्फटिक काहीच बोलले नाहीत. नवव्यानं ठिपके दिले. शेकडो, दाट, खऱ्या प्रथिनाचे. पण पडद्याच्या मधोमध गोळा झालेले, कडेकडे अंधार. आठ अँगस्ट्रॉम. तीनच्या आत आलं तर साखळीचा माग काढता येतो, दोनला पाण्याचे रेणूसुद्धा मोजता येतात. आठ म्हणजे जुन्या मतदार ओळखपत्रावरचा फोटो. माणूस आहे एवढं कळतं. दहावा, अकरावा तसेच. पहाटे अतिथीगृहातल्या स्वयंपाक्यानं पोहे-जिलेबी पुढे ठेवली आणि मराठीत विचारलं, "काम झालं का?" इंदुरात मराठी काही नवी नाही, पण त्या पहाटे ती ऐकून थेंब्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "आठ आलं." स्वयंपाकी म्हणाला, "छान!" त्याला शंभरपैकी वाटलं असणार, तरी छान म्हणाला.

परत आलो तेव्हा थेंब्याचा हिंजवडीतला आतेभाऊ भेटायला आला होता. त्यानं विचारलं, "अरे, तुमचं हे काम आता संगणक करतो ना? नोबेलपण दिलं की त्याला." खरंच होतं. अल्फाफोल्ड २०२१ च्या जुलैत सगळ्यांना खुलं झालं आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्याच्या कर्त्यांना, हसाबिस आणि जंपर यांना, निम्मा वाटा मिळाला. आमच्या प्रथिनाचं भाकीतही आम्ही कधीच काढलं होतं. प्रथिनाचे दोन भाग खात्रीच्या गडद निळ्या रंगात, पण त्यांना जोडणारा मधला सांधा नारिंगी, म्हणजे संगणकही 'बघा बुवा तुमचं तुम्ही' म्हणत होता. औषध बसवायचं होतं नेमकं त्याच सांध्यात. पण हे आतेभावाला कोण सांगणार? मला वाटलं, थेंबे आता खचेल.

तो म्हणाला, "त्याला दही माहीत नाही."

"म्हणजे?"

"जगभरातल्या रचना एका पेढीत जमा करतात. १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा सात होत्या, आता दोन लाखांवर गेल्यात. त्या वाचून तो शिकला. पण त्या सगळ्या जमलेल्यांच्या. त्याला फक्त रवा दाखवलाय. दही कुणी जमाच केलं नाही."

आतेभाऊ वहीकडे बघत राहिला. मीही बघत होते. दोन लाख रचना म्हणजे दोन लाख रवे. त्या प्रत्येकामागे किती पानं दही असेल, आणि ते कुठल्या कपाटात, कुणाच्या अक्षरात असेल?

३१ मार्चला प्रकल्प संपला. तोवर त्याचे १४२ ट्रे झाले होते, म्हणजे ३,४०८ थेंब. थेंब्याला हैदराबादला पीएच.डी.साठी बोलावणं आलं होतं. मुलाखतीत निष्पत्ती विचारली तेव्हा त्यानं वहीची झेरॉक्स पुढे केली. ते लोक अर्धा तास ती वाचत बसले म्हणे आणि मधूनमधून हसत होते. मूळ वही तो आमच्याकडे ठेवून गेला. नवी मुलगी रुजू झाली आहे, लातूरची. तिला मी पहिल्या दिवशी तीच दिली. तिनं कोश वाचला, पानं चाळली आणि विचारलं, "ताई, म्हणजे १४२ प्रकारे होत नाही हे मला शोधावं लागणार नाही?" मी म्हटलं, "नाही. तू १४३ पासून सुरू कर." ट्रे १४३ ची तीन आठवड्यांनंतरची नोंद: 'सुया (?)'. कंसातलं प्रश्नचिन्ह तिचं. थेंब्यानं घातलं नसतं.

जायच्या दिवशी त्यानं सगळ्यांना नमस्कार केला आणि माझ्या टेबलावर एक काचेची बरणी ठेवली. आईनं पाठवलेलं तूप. वरती चिठ्ठी, अक्षर त्याचं: 'गाईचं. कढवलं २८ मार्च, सायं. ७. रात्रभर झाकून. हलवलं नाही. हलवू नये.' बार्शी ते पुणे तो ती मांडीवर घेऊन आला होता. मी झाकण उघडलं. वरून खालपर्यंत नुसता दाणा, मोहरीएवढा.

दुपारी सर आले. बरणीकडे पाहत उभे राहिले, मग चमच्याच्या टोकावर कणभर तूप घेतलं, काचपट्टीवर ठेवलं आणि आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलं. ध्रुवित प्रकाश लावला. आम्ही एकामागून एक डोळा लावून पाहिलं. काळोखात दाणे उजळले होते, ट्रे फिरवावा तशी पट्टी फिरवली की विझायचे आणि पुन्हा उजळायचे. सर "हं" म्हणाले. मग त्यांनी लाल वही ओढली, शेवटच्या नोंदीखाली तारीख घातली आणि वर्षभर रिकाम्या राहिलेल्या रकान्यात आपल्या अक्षरात लिहिलं: रवा.

त्या पानाचा फोटो काढून मी थेंब्याला पाठवला. तो तेव्हा हैदराबादच्या गाडीत असणार. उत्तर लगेच आलं.

"ताई, खोलीचं तापमान किती होतं?"